शाळा निवडते कोण?

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आठवीच्या प्रवेशासाठी हायस्कुलांच्या कचेऱ्यांपुढे पालकांची गर्दी होते. त्या गर्दीत एखादी आई अशीही असते, की जिच्या हातात सातवीच्या प्रगतिपुस्तकाबरोबर डॉक्टरांच्या कागदांची फाईल असते. मुलगा बोलण्यात चुणचुणीत आहे; पण वाचताना अडखळतो आणि उत्तर ठाऊक असूनही ते कागदावर उतरवता उतरवता त्याची वेळ संपते. फाईल पाहताच मुख्याध्यापकांचा सूर सौम्य होतो. शाळेत तशी सोय नाही, मुलाच्याच हितासाठी दुसरीकडे पाहावे, असा सल्ला मिळतो. दोन-तीन ठिकाणी हाच सल्ला ऐकल्यावर जी शाळा 'नाही' म्हणत नाही, तिच्यात नाव घातले जाते. यालाच पालकांची निवड म्हणण्याची प्रथा आहे.

या सौम्य नकाराचे मूळ बहुधा दहावीच्या निकालात असते. प्रवेशद्वारावर निकालाच्या टक्केवारीचा फलक लावणाऱ्या संस्थेला असा विद्यार्थी म्हणजे त्या फलकाला लागणारा संभाव्य डाग वाटतो. संस्थाचालक हे उघड बोलत नाहीत, एवढाच काय तो संकोच!

पालकही निमूटपणे परततात, कारण आठवीनंतर शिक्षणाचा हक्क संपतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरता आहे, हे खरे. परंतु २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे ३१ वे कलम त्यापुढे जाते. ज्याचे अपंगत्व किमान ४० टक्के प्रमाणित झाले आहे, अशा मुलाला वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत जवळच्या अथवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनुसार, विनामूल्य शिकता येते. अध्ययन अक्षमतेचाही या कायद्यातील २१ प्रकारांत समावेश आहे. म्हणजे पसंती मुलाची आहे. मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश देणे बंधनकारक आहे.

तरीही सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला एकट्या शिक्षकाने काय काय करावे? अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ सालची. आणि अशा शाळांतून विशेष शिक्षकांची पदे निर्माण करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली सांगावे लागले! २०२२ साली प्राथमिक वर्गांत अशा १० विद्यार्थ्यांमागे व उच्च प्राथमिक वर्गांत १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले. प्रमाण ठरणे आणि शिक्षक वर्गात उभा राहणे यांत मात्र कागदपत्रांचा लांबलचक प्रवास असतो.

तोवर पालकांनी शाळा पारखावी कशी? इमारत आणि निकाल पाहून नव्हे, तर वर्गशिक्षकाला भेटून. फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्यात मागे पडणाऱ्या मुलाचे तो काय करतो, तोंडी उत्तर ग्राह्य धरतो काय, मधल्या सुट्टीत होणाऱ्या चिडवाचिडवीकडे कोणाचे लक्ष असते, हे विचारावे. उत्तर देताना जो शिक्षक एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची हकिकत सांगू लागतो, त्याची साधी शाळा नामांकित शाळेहून सरस समजावी. अर्थात घराजवळची शाळा प्रत्येकालाच मानवेल असे नाही. खुणांच्या भाषेत वाढलेल्या कर्णबधिर मुलाला, जिथे ती भाषा कोणालाच येत नाही अशा वर्गात बसविणे, म्हणजे समावेशाच्या नावाखाली एकांतवास देणे होय. त्याच्यासाठी दूरची विशेष शाळाच इष्ट ठरू शकते.

प्रमाणपत्राचीही एक गोष्ट आहे. दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, हे कळताच नववी-दहावीत धावपळ सुरू होते. तालुक्याच्या गावाहून शहरातील मोठ्या रुग्णालयात खेपा घालायच्या, तर प्रत्येक खेपेला बापाची एक रजा खर्ची पडते. शाळेने सातवीतच पालकांना सावध केले, तर या खेपा वेळेवर होतील. शिवाय लेखनिकाला उत्तर सांगून लिहवून घेण्याचा सराव करायला मुलाला पुरती तीन वर्षे मिळतील.