कळा सोसण्याची सक्ती कशाला?

'बाईच्या जन्माला आलीस, कळा सोसाव्याच लागतील.' हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येतं. प्रसूतीच्या खोलीत एखादी ओरडली, तर तिलाच दटावलं जातं. आम्हाला हे मान्य नाही. दात काढताना भूल मागायला आपण लाजत नाही, मग बाळंतपणातच सोसण्याचं कौतुक कशाला?

वेदना कमी करणारा एक जुना उपाय आहे : नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस. १८४४ साली अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. ब्रिटनमध्ये निम्मा वायू आणि निम्मा ऑक्सिजन असं मिश्रण १९६० च्या दशकापासून बाळंतिणींना मिळतं. तिथं त्यासाठी भूलतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित सुईण पुरते.

कळ सुरू होताच बाई स्वतः मास्क धरून दीर्घ श्वास घेते. अर्ध्या-पाऊण मिनिटात गुंगी येते, कळ बोथट होते. मास्क बाजूला केला की काही मिनिटांत परिणाम ओसरतो. गुंगी वाढली तर हात ढिला पडून मास्क आपोआप खाली येतो. म्हणून सासूनं किंवा नवऱ्यानं तो धरून ठेवू नये.

हा काही चमत्कार नाही. कळ पूर्ण थांबत नाही. काहींना गरगरतं, मळमळतं. शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. नशेसाठी फुग्यातून हा वायू ओढणाऱ्या पोरांना मात्र वेळीच रोखा. वारंवार ओढल्यानं नसा निकामी होऊन पाय लुळे पडू शकतात.

सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीच्या खोलीत सन्मानाची वागणूक सांगितली आहे. वेदनेवर इलाज हाही त्या सन्मानाचाच भाग आहे, असं आम्ही मानतो. म्हणून तपासणीला जाल तेव्हा विचारा : 'इथं कळा कमी करायला काय देता?' उत्तर 'काहीच नाही' असेल, तर वस्तीतल्या बायांनी मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा. एकटीला गप्प बसवता येतं, पन्नास सह्यांना नाही.