‘संक्रमणकाळ’ म्हणून झालेला अन्याय

सतराव्या शतकांतील फ्रेंच ल्यूटवादनाचा इतिहास वाचूं लागलें कीं एक शब्द वारंवार आडवा येतो : ‘संक्रमणकाळ’. सुमारें १६२० ते १६५० या अवधींत फ्रान्सच्या वादकांनीं आपल्या वाद्याच्या तारा नाना प्रकारें लावून पाहिल्या. अखेर त्यांतली एक जुळणी रूढ झाली. सबब बाकीच्या म्हणजे प्रयोगशाळेंतला केर, असा या शब्दाचा मथितार्थ. तो मला सर्वस्वीं अमान्य आहे.

ल्यूटच्या जुन्या जुळणींत सहा मुख्य तारांपैकीं मधल्या दोहोंत षड्ज-गांधाराचें, व बाकीच्या लगतच्या तारांत षड्ज-मध्यमाचें अंतर असे. ती मोडून केलेल्या रचनांचे दोन संग्रह पियेर बालार यानें १६३१ व १६३८ सालीं छापले. मेझांजो व द्युफो यांच्या कृति त्यांत आहेत, आणि ‘नव्या जुळण्या’ हे शब्द थेट ग्रंथनामांतच आहेत. बालार हा राजाचा संगीतमुद्रक; केर छापण्याइतका तो रिकामा खास नव्हता! पुढें १६७६ सालीं टॉमस मेस या इंग्रज वादकानें आपल्या ग्रंथांत यांपैकींच एका जुळणीची बाजू घेऊन, आज ‘विजयी’ म्हणून गौरविल्या जाणाऱ्या जुळणीशीं वाद घातला. म्हणजे चाळीस वर्षांनंतरहि निकाल लागलेला नव्हता. तो आमच्या इतिहासकारांनीं मागाहून लावला.

याहून मोठें नुकसान संपादकांनीं केलें आहे. ल्यूटची लिपि स्वर सांगत नाहीं; कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्याशीं बोट ठेवावें, एवढेंच सांगते. पहिलें अक्षर म्हणजे मोकळी तार, दुसरें म्हणजे पहिला पडदा. जुळणी ठाऊक नसेल तर अक्षरें बिनचूक वाचूनहि गोंगाटच ऐकूं येतो. कित्येक हस्तलिखितांत ती नोंदलेलीच नसते; सप्तकाच्या जोड्या व अखेरचा स्वरमेळ यांवरून ताडावी लागते. फ्रान्समधील राष्ट्रीय संशोधनसंस्थेच्या ग्रंथमालेनें मूळ लिपि व रूपांतर दोन्ही छापलीं, हें तिचें श्रेय. पण जे संपादक केवळ पांच रेघांची प्रत देतात, ते काय देतात? स्वर दिसतो, तार दिसत नाहीं. बोट उचलल्यावर कोणती तार मागें घुमत राहिली, हें तर मुळींच नाहीं. आणि जुळणी बदलण्याचें मुख्य प्रयोजन तें घुमणेंच होतें. मालकंसाला तंबोरा मध्यमावर लावतात हें आपल्याकडील साधा श्रोताहि जाणतो. तो पंचमावरच ठेवून ‘गळ्यांतले स्वर तर तेच आहेत ना?’ असें विचारणाऱ्यास आपण काय म्हणूं?

वादकांचीहि सबब तयार असते. गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवली कीं जुन्या ल्यूटचीं अंतरें साधतात. म्हणून डाउलंड घरोघरीं पोंचला आणि मेझांजो कपाटांत राहिला. यांत गुणदोषांचा निवाडा कोठें आहे? आहे ती सोय. ऐंशी वर्षें जगलेल्या ल्यूटवादकाचीं साठ वर्षें तारा लावण्यांतच गेलीं असणार, अशी थट्टा मॅथेसननें १७१३ सालीं केली होती. ती मला मान्य आहे. तांतीच्या तारा लहरी असतात खऱ्या. मग कार्यक्रमाचा एक भाग एकाच जुळणीचा ठेवावा, किंवा दुसरें वाद्य आधींच लावून आणावें. तेंहि न जमल्यास श्रोत्यांदेखत दहा मिनिटें खुंट्या पिळाव्या लागतील. लागोत.