खनिज सरकारचे, भूकंप मात्र दैवाचा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली संमत झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिचे ४८ वे कलम सांगते की, सनदेत वेगळे काही नमूद नसेल तर जमिनीखालील खनिजे, ती कोठेही सापडोत, राज्य शासनाची होत. म्हणजे शेतकऱ्याची मालकी नांगराच्या फाळाइतकी खोल. त्याखालचे सारे सरकारचे. या संहितेच्या अंमलाला चार महिनेही पुरे झाले नव्हते, तोच ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर कोसळले. ६.३ परिमाणाच्या त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे झोपेतच भिंतींखाली गाडली गेली. त्या पहाटे मात्र भूगर्भाचा मालक म्हणून कोणी पुढे आले नाही. खनिज सापडले की ते राज्याचे आणि धक्का बसला की तो निसर्गाचा, अशी ही वाटणी आहे. गेली सहा दशके सह्याद्रीच्या कुशीतील माणूस या वाटणीची किंमत मोजत आला आहे.

भूगर्भाचे ज्ञान आमच्या राज्यकर्त्यांना नाही, असे म्हणण्याची सोय नाही. जेथे हवे तेथे ते पुष्कळ आहे. राधानगरीतील दुर्गमानवाड, चंदगडमधील कासारसडा ही नावे कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला ठाऊक नसतील. ॲल्युमिनियमच्या व्यवहारात ती चांगलीच ठाऊक आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर हा पाषाण पावसाने युगानुयुगे कुजत राहिला. त्यातील सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि डोंगरमाथ्यावर जांभ्याचे टोपण तयार झाले. त्याच टोपणात बॉक्साइटचे थर आहेत. ते किती जाड आहेत, कोठे संपतात, शंभर किलो मातीत किती किलो धातू निघेल, हे ठराविक अंतरावर छिद्रे घेऊन अजमावले जाते व नकाशावर मांडले जाते. येथील बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जात आले. त्यावरील स्वामित्वधन लंडनच्या धातुबाजारातील ॲल्युमिनियमच्या भावाशी बांधलेले आहे. लंडनचा भाव चंदगडच्या सड्यावर बिनचूक पोहोचतो. चंदगडच्या धनगराचा अर्ज मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला वर्ष लागते.

कोयनेची वीज आणि कोल्हापूरचे बॉक्साइट हे दोन्ही एका हिशेबात धरण्याची कल्पनाही सरकारचीच. १९६५ साली भारत ॲल्युमिनियम कंपनी ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिचे दोन प्रकल्प योजलेले होते, एक कोरब्याचा व दुसरा कोयनेचा. कोरब्याचा झाला. कोयनेच्या प्रकल्पासाठी पुढे रत्नागिरीत जमीन घेतली गेली. कारखाना मात्र उभा राहिलाच नाही. जमीन गेली ती गेली. सार्वजनिक उद्योगाचे आम्ही समर्थक आहोत आणि म्हणूनच हे बोलणे आमच्यावर अधिक बंधनकारक आहे.

आता ज्ञानाची दुसरी बाजू पाहा. दख्खनचा पाषाण म्हणजे अढळ ढाल, येथे भूकंप संभवत नाही, असे १९६७ पूर्वी अधिकृतपणे मानले जाई. कोयनेत १९६२ पासून पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात परिसरात हादरे जाणवू लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा धक्का येऊन गेला. तरीही डिसेंबरची ती पहाट कोयनेच्या खोऱ्याने बेसावधपणेच पाहिली. पुढे १९७० च्या सुधारित नकाशात कोयना एकदम चौथ्या विभागात गेली. जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत मुरणारे पाणी यांमुळे आधीच ताणलेला खडक सरकू शकतो, आणि कोयना हे त्याचे जगातील ठळक उदाहरण आहे, हे आज शास्त्रज्ञांना मान्य आहे. परंतु अधिकृत वर्तुळात हे कबूल करण्याची खळखळ वर्षानुवर्षे चालली. कारण उघड आहे. ज्यात आपला हात नाही त्याची जबाबदारी येत नाही. ज्यात आपल्या धरणाचा हात आहे त्याची जबाबदारी येते.

नकाशा बदलला, पण धडा नकाशाच्या त्या ठिपक्यापुरताच राहिला. किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक विभागात होती. १९९२ च्या ऑक्टोबरात तेथे हादरे बसले, लोक घाबरले. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीने लादलेली माळवदे तशीच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, तीच माळवदे त्यांच्यावर आली. लातूर-धाराशिव भागात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर जागतिक बँकेचे कर्ज आले, गावे हलली, शास्त्रज्ञांनी भोक पाडून पाहिले तेव्हा तेथे पाषाणाचा थर ३३८ मीटर जाड असल्याचे समजले. पहिल्या विभागाचा शिक्का पुसला गेला तो २००२ साली, माणसे गेल्यावर नऊ वर्षांनी. खनिजासाठी जमिनीला छिद्रे पाडतात ती खणण्याआधी. माणसांसाठी पाडतात ती पुरण्यानंतर.

कोयनेच्या धरणाचीच गोष्ट घ्या. त्याच्या आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वबलाच्या पाच टक्के धरला होता. प्रत्यक्ष त्या पहाटे धरणाच्या आतील यंत्राने त्याच्या नऊ-दहापट प्रवेग नोंदवला. दोन्ही हिशेबांच्या पद्धती वेगळ्या आहेत हे सोडून दिले तरी तफावत लहान नाही. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभे राहिले; ते बांधणाऱ्या अभियंत्यांना आणि मजुरांना याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. मुंबईची वीज खंडित झाली तेव्हा सारी यंत्रणा धावली. मागाहून धरणाला काँक्रीटचे टेकू दिले गेले, आणि २००५ नंतर सांडव्याचा भागही बळकट करण्यात आला. हे सर्व योग्यच झाले. पण ज्या भूगर्भावर धरण उभे आहे त्याच भूगर्भावर पाटण तालुक्यातील वाड्यावस्त्याही उभ्या आहेत, आणि तेथे आजही दगडमातीच्या भिंतींची घरे दिसतात. १,९६० मेगावॅटच्या प्रकल्पाला टेकू देता येतो आणि त्याच्या सावलीतील घराला देता येत नाही, हे तंत्राचे अपुरेपण नव्हे, हा वर्गाचा प्रश्न आहे. भूकंपग्रस्ताला मिळाला तो दाखला. नोकरभरतीत समांतर आरक्षणाचे दोन टक्के त्याच्या नावे लिहिलेले आहेत. नोकऱ्याच आटत असताना त्या दोन टक्क्यांतून किती भिंती उभ्या राहणार, हे ज्याने त्याने ठरवावे.

येथे आमच्याच बाजूच्या काही मित्रांना दुखवणे भाग आहे. बॉक्साइटच्या खाणींमुळे भूकंप होईल, असे सभांतून बोलले जाते. डोंगरमाथ्यावरील उघड्या खाणीने कोयनेसारखा भूकंप होतो याला आधार नाही, आणि निराधार बोलून आपण खाणमालकांच्या वकिलांचे काम सोपे करतो. खाणीचा खरा अपराध वेगळा आहे. जांभ्याचे टोपण सच्छिद्र असते; पावसाचे पाणी ते पोटात धरते व डोंगराच्या कुशीतील झऱ्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरवते. ते खरवडले की झरे आटतात, माती ओढ्यात येते, उतार उघडे पडतात. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे लोकांचा विरोध असताना लोहखनिजाची खाण उघडली. २९ जुलै २०२१ रोजी त्या खाणीत साठलेले पाणी बांध फोडून गावात घुसले व शेती-बागायती चिखलाखाली गेली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ सालीच रत्नागिरी-सिंधुदुर्गात खाणींना नव्या मंजुऱ्या थांबवण्याची शिफारस केली होती. तिच्या अहवालावर लगोलग दुसरी समिती नेमण्यात आली. समितीवर समिती नेमणे हा आपल्याकडे अहवाल पुरण्याचा सभ्य मार्ग आहे.

भूकंपाचे भाकीत करता येत नाही, मग सरकारने करावे तरी काय, असे विचारले जाते. हा प्रश्न लबाडीचा आहे. भाकीत कोणी मागितलेलेच नाही. कोयना-वारणेच्या पट्ट्यात १९६२ पासून पाच किंवा अधिक परिमाणाचे वीसहून जास्त धक्के बसले आहेत, आणि ते सारे साधारण तीस किलोमीटर लांब व वीस किलोमीटर रुंद अशा टापूतले. तेथे पुन्हा धक्का बसेल हे सांगायला ज्योतिषी नको. दिवस व घटका कळत नाही एवढेच. आणि ती न कळताही माणूस वाचवता येतो. भिंतीच्या दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड, दारेखिडक्यांच्या वर व छताखाली घराभोवती फिरणारा सिमेंट-सळईचा सलग पट्टा, कोपऱ्यांना पक्की बांधणी, हलके छप्पर: गवंड्याला चार दिवसांत शिकवता येईल असे हे ज्ञान आहे. भारतीय मानकांत ते वर्षानुवर्षे छापलेले आहे. पण गरिबाने स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरापर्यंत ते नेणारा माणूस आणि त्यासाठीचा पैसा कोणी दिलेला नाही.

पैसा नाही, हेही खरे नव्हे. २०१५ च्या खाणकायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली. जुन्या पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के व लिलावात पट्टा घेणाऱ्यांनी १० टक्के इतकी जादा रक्कम त्यांत भरायची असते. हा निधी खाणबाधितांसाठी आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गातील खाणगावांनी त्याचा पैन् पैचा हिशेब ग्रामसभेत मागावा. धरणबाधितांसाठी आमची मागणी निराळी आहे. कोयनेच्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे ठराविक रक्कम पाटण, जावळी, शिराळा, शाहूवाडी या तालुक्यांतील घरे बळकट करण्यासाठी वेगळी काढावी, आणि तिचा विनियोग ठेकेदारांकडून न करता स्थानिक गवंड्यांच्या सहकारी संस्थांकडून करावा. ज्यांची गावे या जलाशयात बुडाली आणि ज्यांच्या पुनर्वसनाची भांडणे तिसऱ्या पिढीतही चालू राहिली, त्यांची घरे सर्वांत आधी धरावीत.

कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारची भूगर्भ संशोधनाची प्रयोगशाळा आहे. तिच्यासाठी कोयनेच्या परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटात उतरले. जगभरचे शास्त्रज्ञ त्या नोंदी वाचतात, आणि आम्हाला त्याचा अभिमानच आहे. पण त्या नोंदी ज्या गावांच्या पायाखालच्या आहेत, त्यांच्या चावडीवर मराठीत एक कागदही लागत नाही. कोणत्या वस्तीखालून भेग जाते, कोठला उतार धोक्याचा आहे, हे त्या गावाला सांगणारा नकाशा आणि त्याच गावाच्या हद्दीत दिलेल्या किंवा मागितलेल्या खाणपट्ट्यांचा नकाशा, असे दोन कागद शेजारीशेजारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत. पाटण व चंदगडच्या तहसील कचेऱ्यांत ही मागणी लेखी नेऊन पोच घेण्याचे काम आमच्या शाखांनी येत्या पावसाळ्यापूर्वी करायचे आहे.