नगरसेविकेचा आठवडा आणि चार रिकामी वर्षे

२०२५ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही आमच्या एका सहकारी नगरसेविकेबरोबर काढला. नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबरला व्हावयाचे होते. तालुक्याचे लहानसे गाव. थंडी नुकतीच पडू लागलेली. सोमवारी पहाटे साडेपाचला त्यांचा फोन वाजला. "ताई, आज तिसरा दिवस. नळाला थेंब नाही." ताईंनी शाल गुंडाळली, प्रचारपत्रकांची पिशवी खांद्याला अडकवली आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे दार ठोठावण्यास त्या निघाल्या. सात वाजता पाणी आले. ज्या गल्लीत ते आले, तिथूनच त्यांनी त्या दिवसाची पदयात्रा सुरू केली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पहाटे ताई कायद्याने नगरसेविका नव्हत्याच. नोटाबंदीनंतर तीन आठवड्यांच्या आत, २७ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेल्या निवडणुकीत त्या निवडून आल्या. त्यांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. तेव्हापासून त्यांना ना अधिकार होता, ना सभा, ना मानधन. तरी लोकांच्या लेखी त्या नगरसेविकाच होत्या. गटार तुंबले, घरपट्टी चुकीची आली, घरकुलाचा हप्ता अडला, मयताचा दाखला हवा, की माणसे त्यांच्याच ओट्यावर येत. चार वर्षे त्यांनी हे काम केले, आणि निवडणुकीच्या आठवड्यातही तेच करीत होत्या. फरक एवढाच, की आता त्या कामाकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली होती. एका गृहस्थाने आमच्यादेखत त्यांना विचारले, "निवडणूक आहे म्हणून आलात ना, बाई?" ताई हसल्या व पुढे गेल्या. आम्हांला मात्र ते लागले.

मंगळवार सरकारी कचेरीत खर्चाचे हिशेब देण्यात गेला. बुधवार २६ नोव्हेंबर, संविधान दिन. त्याच दिवशी उमेदवारांची अंतिम यादी लागून चिन्हांचे वाटप झाले. मोठ्या पक्षांची चिन्हे लोकांना जन्मापासून पाठ असतात. अपक्षांना आणि आमच्यासारख्या मान्यता नसलेल्या लहान पक्षांच्या उमेदवारांना मात्र आपले चिन्ह घरोघर नेऊन पोहोचविण्यास पुरता आठवडाही मिळत नाही. त्यात प्रभागातून दोन सदस्य निवडावयाचे आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणजे एका मतदाराने तीन मते द्यावयाची. एक आजी म्हणाल्या, "तीन बटणं? अगं, मी तुला एकीला मत द्यायला जाणार, बाकीची दोन कुणासाठी दाबू?" त्यांना समजावण्यात पाव तास गेला. अशा आजी त्या गल्लीत आठ-दहा तरी होत्या. यंत्राची रीत समजावण्यातच संध्याकाळ झाली. गावच्या प्रश्नाबद्दल बोलावयाचे राहूनच गेले.

गुरुवार मार्गशीर्षातला पहिला. घरोघर महालक्ष्मीचे घट मांडलेले, बायका उपवासाच्या, त्यामुळे संध्याकाळची कोपरा सभा ओस पडली. त्या रात्री काही घरांत लक्ष्मी पाकिटातूनही आली, असे दुसऱ्या दिवशी सारेच सांगत होते. पाकिटे कोणाची हे सिद्ध करता येत नाही, म्हणून आम्ही लिहीत नाही.

शुक्रवार २८ नोव्हेंबर, महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन. सकाळी साऱ्याच पक्षांचे उमेदवार प्रतिमेला हार घालून गेले, छायाचित्रे निघाली. जोतीराव स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट त्या गर्दीत कोणास ठाऊक होती की नाही, कोण जाणे. १८७६ पासून काही वर्षे ते त्या सभेत बसले, तेही सरकारने नेमलेले सभासद म्हणून. आणि तेथे त्यांनी काय केले? व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा साऱ्या सभेत विरोधी मत देणारे ते एकटे होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचे म्हणणे. पुण्यात मोठ्या खर्चाची मंडई बांधावयाचे ठरले, तेव्हाही त्यांनी विरोधच केला; आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सत्कार आणि इमारती आपल्याला नेहमीच सोप्या जातात.

सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या खर्चाविरुद्ध मत देतो, हे नगरसेवकाचे मूळ काम होय. नळ, गटार, दाखला ही कामे करणे वाईट नव्हे. ताईंसारखी माणसे ती करतात म्हणून गाव चालते. परंतु ती वास्तविक पगारी यंत्रणेची कामे आहेत. यंत्रणा ती करीत नाही, म्हणून नगरसेवक तिचा मुकादम होतो आणि लोकही त्याला मुकादमीवरूनच जोखू लागतात. मग ज्याच्यापाशी स्वतःचा टँकर आणि जेसीबी, तो उत्तम नगरसेवक ठरतो. गावचा पैसा कोठून आला, कोठे गेला, निविदा कोणाला मिळाली, अंदाजपत्रकात वस्तीच्या वाट्याला काय आले, हे सभेत उभे राहून विचारणारे माणूस कोणाला हवेसे वाटत नाही, कारण त्याने विचारलेला प्रश्न दारात येऊन पडत नाही.

याच ठिकाणी आम्हांला त्या चार वर्षांबद्दल लिहिणे भाग आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पुरी झाली पाहिजे असे बंधन घातले. हे बंधन टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली सांगितले. तरीही महाराष्ट्रात काय झाले? ओबीसी आरक्षणासंबंधी न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये घातलेल्या अटी वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत. पुढे सत्तांतराबरोबर प्रभागरचनेचे कायदे उलटसुलट झाले. दाव्यांवर दावे झाले. ओबीसींचा हक्क राखलाच पाहिजे, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या हक्काच्या नावाखाली साऱ्यांचाच प्रतिनिधित्वाचा हक्क चार वर्षे गोठून राहिला आणि सत्तेवर आलेल्या कोणत्याही सरकारला त्याची घाई नव्हती. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा चक्र फिरले. मुंबई महापालिकेत तर ७ मार्च २०२२ पासून एकही नगरसेवक नव्हता. तेथे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी.

दुसऱ्या राज्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. केरळात स्थानिक संस्थांची निवडणूक २०२० च्या डिसेंबरात झाली आणि पुढची २०२५ च्या डिसेंबरात. घटना तीच, न्यायालय तेच.

प्रशासकाच्या काळात लहान गावांतून एक विचित्र दृश्य दिसे. मुख्याधिकारीच अनेक ठिकाणी प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, चर्चा करणारा तोच आणि मंजुरी देणाराही तोच. अधिकारी भला असेल, कार्यक्षमही असेल. प्रश्न त्याच्या भलेपणाचा नाही. फुल्यांसारखा एकटा हात वर करणारा सभासद त्या खोलीत असणे कायद्यानेच अशक्य झाले होते.

आता आमच्या पक्षाबद्दल. त्या आठवड्यात ताईंबरोबर आम्ही कित्येक घरांत गेलो. पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल, डासांबद्दल लोक भरभरून बोलले. 'चार वर्षे आमचा प्रतिनिधी का नव्हता' असे एकानेही विचारले नाही. दोष लोकांचा नाही. ही चार वर्षे आपण तरी काय केले? निवेदने दिली, एखादे धरणे धरले, आणि मग निवडणूक लागेल तेव्हा लागेल म्हणून गप्प बसलो. मृणालताई गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले गेले, ते काही त्यांनी टँकर पाठविले म्हणून नव्हे. नळावर भांडणाऱ्या बायकांना हंडे घेऊन त्यांनी एकत्र उभे केले आणि पाणी का नाही, याचा जाब पालिकेला विचारावयास शिकविले. आपण ताईंना एकटीने कर्मचाऱ्याचे दार ठोठावण्यास सोडले आणि वर त्यांच्या 'जनसंपर्का'चे कौतुक केले.

शनिवार-रविवारी बाजार, लग्ने, दोन सभा. लग्नसराई असल्याने उमेदवाराने कोणत्या मांडवात किती वेळ उभे राहिले यावरून रुसवेफुगवे झाले, ते सोडून देऊ. रविवारी रात्री शेकोटीपाशी बसलो असता ताईंनी पिशवीतून एक वही काढली. चार वर्षांत प्रशासकाने मंजूर केलेल्या कामांपैकी जी त्यांना ऐकून-पाहून ठाऊक होती, ती त्यांनी तारखेसह टिपली होती. काही कामांपुढे प्रश्नचिन्ह होते. हे प्रचारात का बोलत नाही, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "बोलले असते हो, पण सकाळी पाणी, दुपारी बटणं. बोलायचं केव्हा?"

मंगळवारी मतदान झाले. मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हावयाची, ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरवर गेली. यंत्रे बंद खोलीत आणि उमेदवार टांगणीवर, असे जवळजवळ तीन आठवडे गेले. ताई थोड्या मतांनी पडल्या. २२ तारखेला पहाटे त्यांचा फोन नेहमीप्रमाणे वाजला. त्या दिवशी नगरपरिषदेच्या आवक खिडकीवर त्यांनी दोन अर्ज दिले. एक पाण्याचा. दुसरा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली: प्रशासकाच्या कारकिर्दीत झालेले सर्व ठराव, निविदा आणि देयके यांच्या प्रती मिळाव्यात. खाली सही त्यांच्या एकटीचीच होती.