धावणे शिकवले, हिशेब राहिला

वर्षभर एक वाक्य कानावर पडत राहिले आणि दर वेळी तेवढेच खटकले. "तुले काय समजते त्यातलं? तू आपला अभ्यास कर." धानाचे पैसे किती आले, असे पोराने विचारले की हे उत्तर. आईचे मंगळसूत्र कुठे गेले, असे पोरीने विचारले की हेच उत्तर. सोसायटीचे कर्ज भरले का, ट्रॅक्टरवाल्याचे किती राहिले, ताईच्या फीचे कसे करणार, सगळ्याला हीच वाट दाखवली जाते. देवरीच्या शेतकऱ्याच्या घरी ऐकले, गोंदिया शहरातल्या नोकरदाराच्या घरीही ऐकले. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण या मायेने आपल्या पोरांचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोरड्या वर्षानेही केले नसेल, असे आमचे मत झाले आहे. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीयात याच विषयावर बोलणार आहोत.

सरत्या २०२५ सालाची दखल थोडक्यात घेऊ. नवेगावबांधच्या जंगलात आणि पाणवठ्यांवर आयुष्याचा मोठा काळ घालवलेले, या भूमीला मराठी साहित्यात जागा मिळवून देणारे मारुती चितमपल्ली जूनमध्ये गेले. पद्मश्रीचा मान मिळाला त्याच वर्षी ते गेले. जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी आणली. त्याच महिन्यात राज्याच्या पोलीस दलातल्या सुमारे १५ हजार जागा भरायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सप्टेंबरमध्ये जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी आमच्या विषयाला येऊन भिडतात. आधी शरीराची बाजू पाहू, पैशाकडे मग येऊ.

पोलीस भरतीची चाहूल लागली की गोंदिया जिल्ह्यातले रस्ते पहाटे जागे होतात. तिरोडा, गोरेगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा. अंधारात पावलांचा आवाज येतो, मग पोरे दिसतात, आणि अलीकडे पोरीही तितक्याच दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर, वर गोळाफेक. ५० गुण मैदानाचे. यासाठी कुणी जिमची पावती फाडलेली नसते. धावायला रस्ता, उड्या मारायला कापणी झालेली बांधी, दंड-बैठकांना शाळेचे पटांगण. एक गोळा विकत आणून त्यावर दहा जण सराव करतात. आपला जिल्हा गरीब म्हणवला जातो, पण अंग कमवायला पैसा लागत नाही हे आपल्या पोरांनी कुणीही न शिकवता सिद्ध केले आहे. जीएसटी कमी झाला ही चांगली गोष्ट, पण तो भरायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

खाण्याचेही तेच. दोन-तीन हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा घरात आणण्याआधी आपल्या अंगणातले मोजा. कठाणाचा हरभरा आहे, अंडी आहेत, बोडीतली मासोळी आहे. दिवाळीच्या सुमारास तलावातून निघणारा शिंगाडा आहे. जवसाची चटणी आहे. भरतीची पोरे भिजवलेल्या चण्यावर धावतात आणि निवडली जातात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला रोज तासभर अंगमेहनत हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ती सायकलने, कबड्डीने आणि तलावात पोहण्याने होऊ शकते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. पोराला किंवा पोरीला धावायला उतरवण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या. तिथे पैसे लागत नाहीत, आणि न केल्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

शरीराची बाजू अशी भक्कम आहे. दुखणे पुढे सुरू होते. मैदान मारले, लेखी परीक्षा झाली, नेमणूक झाली, पहिला पगार आला, की दोन-तीन महिन्यांत दारात हप्त्यावरची मोटारसायकल उभी राहते. लेखी परीक्षेत अंकगणित होते. याच पोराने चक्रवाढ व्याजाची गणिते घड्याळ लावून सोडवली होती. पण कर्जाच्या कागदावर सही करताना त्यातले एकही गणित त्याला आठवत नाही, कारण ते गणित त्याने घरात कधी पाहिलेले नसते. एक लाख रुपये, तीन वर्षे, 'फक्त दहा टक्के फ्लॅट' असे त्याला सांगतात. तीस हजार व्याज, महिन्याला ३,६११ रुपये हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजलेले असते. म्हणजे खरा दर जवळपास १८ टक्के पडतो. हे त्याला कुणी सांगितले नाही. सांगायला हवे होते ते बापाने, आईने, आणि त्यांनी तर पैशाचे बोलणेच बंद ठेवले होते.

सैन्यात अग्निवीर म्हणून गेलेल्यांचे पाहा. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरत येतील. बाविशी-पंचविशीतल्या पोराच्या हाती सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये एकरकमी येतील. ज्या घरात धानाच्या पैशाचा वर्षभराचा चुकारा एकदाच येतो आणि दुसऱ्या दिवशी वाटला जातो, त्या घरातले हे पोर. त्या रकमेवर डोळा ठेवणारे आतापासून तयार आहेत. मोबाइलवरच्या जुगाराने किती घरे पोखरली हे वेगळे सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या एका प्रकरणात नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरात छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी निघाली आणि गोंदियाचे नाव देशभरच्या बातम्यांत गेले. २०२५ मध्ये कायदा झाला, स्वागत आहे. पण पैसा दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची ताकद कायद्याने येत नाही. ती घरातून यावी लागते.

अंग आणि हिशेब एकाच माणसात नांदू शकतात, याचा मराठी दाखला आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी कुस्तीपटू खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वर गावच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन खाशाबा परतले, कुस्त्या लढवल्या, आणि त्यांच्या पैशातून आधी प्राचार्यांचे घर सोडवले. पदकाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. घर सोडवल्याची गोष्ट त्याच दमात सांगितली पाहिजे.

आमच्याशी वाद घालणारे म्हणतात, लहान वयात पैशाची चिंता कशाला? बालपण आहे तोवर असू द्या. या म्हणण्यातली कळकळ आम्हाला समजते, पण ते पटत नाही. मुलांना चिंता आधीच कळलेली असते. रात्री दबक्या आवाजात चाललेले बोलणे ती अंथरुणातून ऐकतात. लपवल्याने चिंता जात नाही, फक्त तिला आकडा उरत नाही, आणि आकडा नसलेली चिंता जास्त भिववते. विदर्भातल्या किती घरांमध्ये बाप गेल्यानंतर मुलांना कळले की कुणाचे किती देणे होते. ज्याने कर्जाचा आकडा कधी ऐकला नाही, त्याच्या खांद्यावर तो एका दिवसात आला. याहून क्रूर शिकवण कोणती?

शाळांनी एक पाऊल टाकले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावे भरतात, मुले भेळ, पोहे, समोसे विकतात. उपक्रम चांगला आहे, पण अर्धाच होतो. पोहे, तेल, शेंगदाणे घरून आलेले, पहाटे उठून केले ते आईने, आणि संध्याकाळी मूल म्हणते, तीनशे रुपये कमावले. ती विक्री झाली, कमाई नव्हे. गुरुजींना विनंती आहे की, दुसऱ्या दिवशीचा एक तास सामानाचा खर्च आणि आईची मजुरी वजा करण्यासाठी ठेवा. त्या तासात मुले जेवढे शिकतील तेवढे पुस्तकातल्या नफा-तोट्याच्या धड्याने शिकणार नाहीत.

आणि घरी? २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. आधारभूत केंद्रावर धान नेताना पोरीला सोबत न्या. या भावाने पंधरा क्विंटल दिले तर ३५,५३५ रुपये होतात, हे तिच्याकडून करून घ्या. मग बियाणे, खत, चिखलणी, रोवणी, कापणी, मळणी एकेक करून तिच्याच हाताने वजा करवा. शेवटी जे उरेल ते पाहिल्यावर नवा मोबाइल का नाही, हे तिला समजवावे लागणार नाही, आणि रोवणीत दिवसभर वाकलेल्या आईची मेहनतही तिला आकड्यात दिसेल. बचत गटात जाणाऱ्या मायबहिणींनो, तुमचे पासबुक मुलांपुढे उघडा. घरातली सगळ्यात चोख वही बहुधा तुमचीच असते. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बँक खाते स्वतः चालवता येते, रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना तशा नव्या सूचना दिल्या आहेत. त्याचा उपयोग करा. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरेल, दंडारीचे लोकनाट्य होईल, नाटके रंगतील. त्या दिवशी मुलांच्या हाती शंभर रुपये देणार असाल तर जरूर द्या, पण कुठे खर्च झाले हे रात्री त्यांनीच लिहावे. चुकीचे खर्च केले म्हणून रागावू नका. शंभर रुपयांत झालेली चूक लाखाची चूक वाचवते.

यंदाच्या अंकाचा विषय तलाव आहे. कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारीच्या काळात जपलेले हे तलाव आपल्या जिल्ह्याची ओळख आहेत. त्यांच्यावरचे लेख, छायाचित्रे आणि मुलाखती पुढे आहेत. आमच्या विषयाशी त्यांचे नाते एवढेच की पावसाचे पाणी, तसा चुकारा. दोन्ही एकदाच येतात आणि अडवले नाहीत तर वाहून जातात. तलावाला पाळ होती, पाणी कुणाला किती हे गावाला ठाऊक होते. घरच्या पैशाचेही घराला ठाऊक असावे.

आपण दर वर्षी या अंकाची वाट पाहता, म्हणून आपल्याकडे हक्काने मागतो. पुढच्या दिवाळी अंकात काही पाने जिल्ह्यातल्या दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी राखून ठेवत आहोत. घरच्या एका हंगामाचा हिशेब त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवावा. नाव छापणार नाही, आकडा कितीही लहान असला तरी चालेल, तोट्याचा असला तरी चालेल. फक्त तो मुलांनी विचारलेला आणि मोठ्यांनी खरा सांगितलेला असावा.