वाडा कशावर उभा असतो?

१/ छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, सराफा, बेगमपुरा या जुन्या वस्त्यांत एखादा वाडा पाडला गेला की हळहळ दोन दिवस टिकते. ‘लोकांना वारशाची कदर नाही’ हा निष्कर्ष मात्र कायम राहतो. हा निष्कर्ष अपुरा आहे. वाडे अनास्थेने जेवढे पडले, त्याहून अधिक पैशाअभावी पडले. त्या पैशाचा हा इतिहास.

२/ १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. नहर-ए-अंबरीने तिला पाणी दिले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि शहर औरंगाबाद झाले. १७६३ च्या सुमारास निजामाची राजधानी हैदराबादला गेली. वैभव ओसरले, तरी वाडे राहिले. कारण त्यांचा खर्च शहरातून नव्हे, खेड्यांतून भागत होता.

३/ दगडी जोते, सागवानी खांब, विटा, चुना आणि वर मातीचे माळवद. असे घर एकदा बांधून विसरता येत नाही. पावसाळ्यापूर्वी माळवदाची माती चोपावी लागते, वाळवी पाहावी लागते, चुन्याचा गिलावा धरावा लागतो. जहागीर, इनाम आणि वतन यांचे उत्पन्न या कामांना पुरत असे.

४/ सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न्यायच होता, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु वाड्यांचे कायमचे उत्पन्न त्यानंतर संपत गेले. मालकांनी खोल्या भाड्याने दिल्या.

५/ मग १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा आला. टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण भाडे गोठले, गवंडी-सुताराची मजुरी मात्र वाढत गेली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली; म्हणजे शंभराचे एकशे चार. त्यातून सागवानी तुळई बदलत नाही.

६/ कर्ज काढावे, तर बँकेचा मूल्यांकनकर्ता जमिनीला भाव देतो आणि इमारतीतून घसारा वजा करतो. मिळकत पत्रिकेवर अनेक वारस असतील, तर सर्वांच्या सह्या लागतात. १९६१ च्या आयकर कायद्याने राहत्या घराच्या खरेदी-बांधकामाच्या कर्जावरील व्याजाला वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट दिली. दुरुस्तीच्या कर्जाला ३० हजार. कोणते काम प्रोत्साहनास पात्र, हे या दोन आकड्यांतच दिसते.

७/ याउलट पाडण्याचा हिशेब सोपा असतो. मोकळ्या जागेवर चटईक्षेत्र मिळते आणि कोरीव खांब जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातात. तेच खांब पुढे एखाद्या रिसॉर्टच्या दारात ‘पारंपरिक’ म्हणून उभे राहतात.

८/ उपाय अस्तित्वात नाही, असे नाही. वारसा यादीतील इमारतीचे न वापरता आलेले चटईक्षेत्र हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून अन्यत्र विकता येते. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमांनंतर ही कल्पना रुळली. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही ती आहे. मात्र तिचा लाभ घेण्यासाठी वाडा आधी यादीत यावा लागतो. दरवाजे आणि मकबरे यादीत सहज जातात. राहती घरे मागे राहतात.

९/ खाजगी घराला सार्वजनिक सवलत का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सवलतीला अटी हव्यात : दुरुस्ती चुन्यात व लाकडात व्हावी, सिमेंट थापून नव्हे, आणि राहत्या कुटुंबाला किंवा भाडेकरूला बाहेर काढून ती होऊ नये. गुंतवणूकदार येण्यात वावगे काही नाही. माणसे घालवून उरलेला वाडा मात्र देखावा ठरतो.

१०/ बाबा शाह मुसाफिर दर्ग्यातील अठराव्या शतकातील पाणचक्की तेथील फकिरांसाठी पीठ दळत असे. वास्तूला तिथे काम होते, म्हणून तिची निगाही होती. वाड्यांनाही असेच काम आणि उत्पन्न मिळाले पाहिजे.

११/ तरुण अभ्यासकांनी वाड्याच्या नक्षीचे छायाचित्र जरूर घ्यावे. त्याचबरोबर घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा : शेवटची दुरुस्ती केव्हा झाली आणि पैसे कोठून आले? शहराचा अर्धा इतिहास त्या उत्तरात सापडेल.