हॉलमधला डबा आणि मागची खोली

तिरोड्यात घराचं काम स्लॅबपर्यंत आलं की इलेक्ट्रिशियन एक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. टीव्हीचा पॉइंट कुठं काढायचा? हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक. भिंतीवर पेन्सिलीच्या दोन खुणा होतात आणि काम पुढं सरकतं. मागच्या खोलीत आजी असणार, माडीवरच्या दोन खोल्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांना भाड्यानं जाणार, याचा विचार त्या खुणांत नसतो. मग वर्षा-दोन वर्षांत खिडकीच्या फटीतून एक काळी वायर आत येते. पावसाळ्यात त्याच फटीतून पाणीही झिरपतं. आणि एका छत्रीवर तीन टीव्ही का चालत नाहीत, यावरून घरमालक आणि फिटिंगवाला यांची जुंपते.

खरं तर हे दोन वाद आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. घरात टीव्ही किती असावेत हा एक. तो घरच्यांनीच मिटवायचा. सिग्नल प्रत्येक खोलीत कसा न्यायचा हा दुसरा. तो तारेचा, पैशाचा आणि आपल्याकडच्या पावसाचा आहे. पहिला मिटेपर्यंत दुसऱ्याकडं बघायचं नाही ही आपली सवय, आणि भिंती फोडायची वेळ येते ती त्यामुळेच.

एकच टीव्ही पुरे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. मुलांच्या अभ्यासाची काळजी त्यात आहे, खर्चाची आहे, आणि विजेचीही आहे. ज्या गावाशेजारी अदानीचा ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे, त्या गावाला विजेचा हिशेब कुणी सांगावा? पण बिल इथंही येतंच. रिमोटनं बंद केलेला सेटटॉप बॉक्स खऱ्या अर्थानं बंद होत नाही. बरेच बॉक्स लाल दिवा लागल्यावरही जवळजवळ तेवढीच वीज ओढत राहतात. दहा वॅट धरले तर वर्षाला ८७-८८ युनिट. असे तीन डबे म्हणजे अडीचशेच्या वर युनिट, कुणी काही पाहो न पाहो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई सुरू होते, नाटकाला अख्खं घर रात्रभर बाहेर असतं, तेव्हाही हे डबे इमाने इतबारे जागे असतात.

दुसरी बाजू म्हणते, एकाच टीव्हीनं घर एकत्र बसतं हे ऐकायला बरं. प्रत्यक्षात ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसा ज्याच्या हाती रिमोट त्याचा टीव्ही. मालिका लागते तीच नेमकी स्वयंपाकाची वेळ. आजीला ऐकू कमी येतं म्हणून आवाज वाढवावा, तर शेजारच्या खोलीत बारावीचं पुस्तक उघडलेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बातम्या ऐकण्यासाठी हॉलमध्ये या म्हणणं तर निव्वळ निर्दयपणा. तीन पिढ्या एका छपराखाली राहतात तिथं मागच्या खोलीतला टीव्ही ही चैन नाही, असं आम्हालाही वाटतं. मात्र प्रत्येक खोलीत टीव्ही या टोकापर्यंत आम्ही जाणार नाही. मुलांच्या खोलीत तो नसावा, आणि हे सांगायला कुठल्या अभ्यास-अहवालाची गरज नाही.

आता तार. केबलची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. खांबावरून आलेल्या एकाच वायरमध्ये सगळे चॅनल एकाच वेळी असतात, म्हणून स्प्लिटर लावून ती दोन-चार खोल्यांत वाटता येते. वाटणीत सिग्नल घटतो: दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये निम्मा, चार फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये पाव, आणि वर थोडी तूट. छत्रीचं तसं नाही. छत्रीच्या तोंडाशी बसवलेली एलएनबी घरातल्या बॉक्सचा हुकूम ऐकते. तारेतून १३ व्होल्ट आले तर ती उभ्या लहरी खाली पाठवते, १८ आले तर आडव्या. सोबत २२ किलोहर्ट्झचा सूर मिळाला तर पट्टा बदलते. साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले की एका एलएनबीला दोन मालक होतात. एकजण १३ मागतो, दुसरा १८, आणि बहुतेकदा १८ वाला जिंकतो. हॉलमध्ये मॅच लावली आणि मागच्या खोलीतली मालिका गेली, ती अशी. दोन्ही खोल्यांतले चॅनल एकाच प्रकारच्या लहरींवर असतील तर हे निभावून जातं, म्हणूनच एकाच्या घरी चाललेली युक्ती दुसऱ्याच्या घरी चालत नाही आणि दोष फिटिंगवाल्याच्या माथी बसतो. खरा उपाय म्हणजे दोन किंवा चार तोंडांची एलएनबी आणि प्रत्येक खोलीला छत्रीपासून स्वतंत्र तार. खोल्या त्याहून जास्त असतील तर मल्टीस्विच.

दोष कधीकधी फिटिंगवाल्याचाही असतो, तेही सांगायला हवं. स्प्लिटरच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत त्याचा पट्टा छापलेला असतो. केबलच्या स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ दिसेल, आणि छत्रीचा सिग्नल तर तारेतून ९५० ते २१५० मध्ये उतरतो. म्हणजे स्वस्तातला स्प्लिटर लावला तर बरेच चॅनल त्या पत्र्याच्या डबीतच अडतात. छत्रीसाठी २४०० च्या आसपास पोचणारा स्प्लिटर लागतो. पिन बसवणं हेही कसबाचं काम. आरजी-६ वायर सोलली की आत काळ्या प्लॅस्टिकखाली जाळी, तिच्याखाली चकचकीत पन्नी, मग पांढरा फोम आणि मधोमध तांब्याच्या रंगाची तार. जाणता माणूस जाळी मागं दुमडतो, फोम पिनेच्या आतल्या काठाला सपाट टेकवतो आणि मधली तार कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर इतकीच ठेवतो. जाळीचा केसाएवढा धागा मधल्या तारेला चिकटला की व्होल्टेज तिथंच शॉर्ट, आणि मग छत्री फिरवत बसायचं, जिचा काहीच गुन्हा नसतो.

पाऊस या सगळ्याची परीक्षा घेतो. डीटीएचच्या लहरी इतक्या आखूड असतात की पावसाचे थेंब त्यांना शोषतात. स्वच्छ आकाशात सिग्नल गरजेपेक्षा जास्त असतो, आणि ती शिल्लक भुरभुर पावसात टीव्ही चालू ठेवते. स्प्लिटर, लांब वायर, खिडकीत दाबली गेलेली वळणं ही सगळी त्याच शिलकीवर जगतात. त्यामुळं मेमध्ये तिन्ही खोल्यांत झकास चाललेलं चित्र आषाढात मागच्या खोलीत आधी जातं. जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये चौकटी-चौकटी दिसतात आणि पुढच्या क्षणी काहीच नाही.

पैशाचा हिशेब तारेपेक्षा किचकट. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या पद्धतीनं नेटवर्कचं भाडं आणि चॅनलची किंमत वेगवेगळी झाली. भाड्याला कमाल १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती. २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एकाच घरातल्या दुसऱ्या व पुढच्या टीव्हीसाठी हे भाडं पहिल्याच्या ४० टक्क्यांवर नेता येणार नाही असं ठरलं, म्हणजे फार तर ५२ रुपये. ग्राहकाला हे सोयीचं होतं. केबलवाल्याचं म्हणणंही ऐकावं: खांबापासून तार ओढणं, डबा देणं, पावसात येऊन जोड तपासणं, यातलं काहीच ४० टक्क्यांत होत नाही. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं भाड्यावरची कमाल मर्यादाच काढून दर कंपन्यांवर सोडले. आता दुसऱ्या टीव्हीला काय पडेल हे ज्याच्याकडून कनेक्शन घ्याल त्यालाच विचारावं लागतं, आणि तारा पुरण्याआधी विचारावं. भाड्याशिवाय सशुल्क चॅनलचा प्रश्न उरतोच. दुसऱ्या डब्यावर ते हवे असतील तर त्यांचे पैसे वेगळे.

यावर एक स्वस्त तोडगा आहे: मागच्या खोलीला दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि डबा एकदा घेतला की झालं. सह्याद्री त्यावर आहेच. भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, असा २००७ चा कायदा आहे, त्यामुळं तेही तिथं सापडतात. मनासारखी प्रत्येक मालिका मिळत नाही, आणि सासू-सुनांत 'मला फुकटातला टीव्ही का' हा प्रश्न उठू शकतो. तो आम्ही सोडवू शकत नाही.

हॉलमधल्या बॉक्सचंच चित्र एचडीएमआय स्प्लिटरनं दुसऱ्या खोलीत नेण्याची युक्तीही काहीजण करतात. भाडं वाचतं, पण दोन्हीकडं एकच चॅनल. म्हणजे भांडण तसंच, फक्त दोन पडद्यांवर.

राहिला फायबर. तरुण मंडळी म्हणतात, तारांची कटकट कशाला, वायफायवर सगळं दिसतं. बरंचसं खरं आहे. चांगल्या एचडी चित्राला सेकंदाला पाचेक मेगाबिट लागतात, म्हणजे तीन टीव्ही साध्या प्लॅनवरही भागतात. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज हे अॅप आणलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनल थेट दिसतात. आणखी एक गोष्ट फायबरच्या बाजूची: काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. पूर्व विदर्भात दर पावसाळ्यात वीज पडल्याच्या बातम्या येतात. स्लॅबवरची छत्री आणि तिच्यापासून चार खोल्यांत गेलेल्या धातूच्या चार तारा म्हणजे चारही टीव्हींना एकदम धोका. छत्रीच्या खांबाला नीट अर्थिंग दिलेलं आपल्याकडं क्वचितच दिसतं. पण नऊ इंची भिंत ओलांडताना वायफाय दमतं. शिवाय रस्त्याच्या कामात फायबर तुटला की सगळ्या खोल्या एकदम अंधारात. आणि आजीला अॅप उघडून, लॉगिन करून बातम्या लावता येतील का, हा प्रश्न मेगाबिटांच्या हिशेबात येत नाही.

या सगळ्यात आमचा कौल टीव्हीपेक्षा पाइपच्या बाजूनं जास्त आहे. डबा पाच-सात वर्षांत बदलतो, छत्री बदलते, कंपनी तर रिचार्जगणिक बदलते. भिंत मात्र तीस वर्षं तीच राहते. म्हणून स्लॅबच्या वेळीच प्रत्येक खोलीतून एका जागी, जिन्याखाली किंवा माळ्यावर, रिकामा पाइप यावा. त्यात आज एक आरजी-६ आणि एक कॅट-६ तार घातली तर खर्च बांधकामाच्या तुलनेत किरकोळ. जोड फक्त त्या एका जागी करावेत, भिंतीच्या पोटात नाही. टीव्ही आज एक घ्या की दोन, तो निर्णय दिवाळीलाही बदलता येतो.

अडचणीचा भाग माडीवरच्या भाडेकरूंचा. घरमालकाला वाटतं, आपल्याच छत्रीवरून एक तार वर टाकली तर भाडं जरा वाढवून घेता येईल. पण मल्टी-टीव्हीची सोय एका घरातल्या टीव्हींसाठी असते, वेगळं बिऱ्हाड तिच्यात बसत नाही. शिवाय भाडेकरूचा बॉक्स बिघडला की रात्री दहाला दार ठोठावलं जाणार ते मालकाचंच. त्यापेक्षा वरच्या खोल्यांचा पाइप थेट स्लॅबवर काढावा आणि तिथं दुसऱ्या छत्रीसाठी खांबाची जागा ठेवावी. तिरोड्यातून पाहिलं तर फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह दक्षिणेकडून पूर्वेला कललेला, क्षितिजापासून साधारण साठ अंशांवर आहे. तेव्हा पाण्याची टाकी आग्नेय कोपऱ्यात बांधायची असेल तर खांब तिच्या सावलीत न येईल असा ठेवायला गवंड्याला आधीच सांगावं.